पक्ष्यांचा छायाचित्रकार : रिचर्ड कीअर्टन

इंग्लंडच्या उत्तर भागांत यॉर्कशायर नांवाचा विस्तीर्ण परगणा आहे. त्याच्या वायव्येकडील डोंगराळ मुलुखांत स्वेल नांवाची नदी वाहते, व तिच्या खोऱ्यास स्वेलडेल असें म्हणतात. तेथील जमीन खडकाळ, हिंवाळा लांब, आणि पिकें बेताचीं. म्हणून लोक शेतीपेक्षां मेंढ्यांवरच अधिक अवलंबून असत. खालीं नदीकांठीं हिरवीं कुरणें, त्यांना विभागणारीं बिनचुन्याचीं दगडी कुंपणें, आणि वर माथ्यावर मैलच्या मैल पसरलेलें हेदरच्या झुडुपांचें माळरान, असा हा प्रदेश आहे. ह्या खोऱ्यांतील थ्वेट नांवाच्या लहानशा खेड्यांत २ जानेवारी १८६२ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं रिचर्ड कीअर्टन ह्याचा जन्म झाला. पुढें नऊ वर्षांनीं, ८ जुलै १८७१ रोजीं, त्याचा धाकटा भाऊ चेरी जन्मास आला. ह्या दोघां भावांचीं नांवें एकमेकांपासून वेगळीं काढतां येत नाहींत. म्हणून चरित्र थोरल्याचें सांगावयाचें असलें, तरी धाकटा त्यांत वारंवार डोकावेल.

मुलें शेजारच्या म्यूकर गांवच्या शाळेंत जात. थ्वेटपासून म्यूकर सुमारें एक मैल. हा मैल चालावयास किती वेळ लागावा हें मात्र ऋतूवर अवलंबून असे. कारण वसंतऋतूंत वाटेवरील प्रत्येक कुंपणांत व प्रत्येक झाडावर एखादें घरटें असण्याचा संभव! त्या काळीं इंग्लंडांतील खेड्यापाड्यांतील मुलांना घरटीं धुंडाळून त्यांतील अंडीं जमविण्याचा मोठा छंद असे, आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें वडील माणसांसही वाटत नसे. पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ तर अंड्यांचे मोठमोठे संग्रह करून ते कांचेच्या कपाटांत मांडीत व पाहुण्यांस अभिमानानें दाखवीत.

ह्या छंदापायींच रिचर्डवर आयुष्यांतील पहिलें मोठें संकट आलें. घरटें पाहण्यासाठीं तो एका झाडावर चढला असतां खालीं पडला, व त्याच्या कमरेच्या सांध्यास जबर इजा झाली. ती कधींच पुरी बरी झाली नाहीं. एक पाय आंखूड राहिला, आणि तो जन्माचा लंगडा झाला. डोंगराळ प्रदेशांतील मेंढपाळाच्या मुलास ह्याहून कठीण प्रसंग कोणता? मेंढ्यांमागें दिवसभर चढउतार करावयाची, बर्फांत अडकलेल्या मेंढ्या उकरून काढावयाच्या, तर दोन्ही पाय धड हवेत. तरीही रिचर्ड त्याच पायांनीं माळरानावर हिंडत राहिला. धांवतां येत नसल्यामुळें तो हळू चाले, वारंवार थांबे, आणि थांबला कीं पाही व ऐके. कोणता पक्षी कोणत्या वेळीं कोणता आवाज काढतो हें त्याला इतकें अचूक कळूं लागलें कीं, त्यांपैकीं कित्येकांच्या बोलीची तो हुबेहूब नक्कल करी.

ह्या नकलेनेंच त्याचें दैव उघडलें. स्वेलडेलच्या माळावर ग्राउस नांवाचा तितराच्या जातीचा पक्षी राहतो, व त्याची शिकार करण्यासाठीं दरवर्षीं ऑगस्ट महिन्यांत शहरांतील श्रीमंत लोक तेथें येत. १८८२ सालीं लंडनमधील कॅसेल ह्या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेपैकीं सिडनी गॅल्पिन नांवाचे गृहस्थ असेच आले होते. वीस वर्षांच्या ह्या लंगड्या तरुणानें ग्राउसच्या नराचा आवाज काढून खराखुरा ग्राउस जवळ बोलावून आणला, तें पाहून ते थक्क झाले. त्यांनीं बोलतां बोलतां मुलाची पारख केली, आणि त्याला लंडनमध्यें आपल्या कचेरींत नोकरी देऊं केली. पक्ष्याला हांक मारली असतां नोकरी धांवून आली, असा हा विलक्षण प्रकार होय.

लडगेट हिल येथील त्या कचेरींत रिचर्डनें पुढें सोळा वर्षें काम केलें. पुढें वडील वारल्यावर चेरीही लंडनला आला व त्याच संस्थेंत नोकरीस लागला. दोघेही भाऊ आठवडाभर शाई, कागद व हिशेब ह्यांत गढलेले असत. पण रविवार आला, सुट्टी आली, कीं शहराबाहेरच्या शेतांत व रानांत निघून जात.

१८९० सालीं रिचर्डचें पहिलें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचा विषय काय असावा? पक्ष्यांचीं घरटीं, अंडीं व अंडीं जमविण्याची विद्या! पुढें ज्याच्या नांवाशीं पक्षिरक्षणाची कल्पना जोडली गेली, त्याच्या लेखनाचा आरंभ असा झाला हें कांहीं वाचकांस खटकेल. चरित्रकारानें तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. तो ज्या जगांत वाढला त्या जगाचाच तो मुलगा होता. विशेष हा कीं, त्या जगाबाहेर पडण्याची वाट त्याला लवकरच दिसली.

ती वाट दाखविली चेरीच्या एका स्वस्त, जुन्या कॅमेऱ्यानें. १८९२ सालच्या एप्रिल महिन्यांत दोघे भाऊ लंडनच्या उत्तरेकडील शेतांत हिंडत होते. तेथें रिचर्डला थ्रश पक्ष्याचें, म्हणजे आपल्याकडील कस्तुराच्या एका जातभाईचें, घरटें दिसलें. आंत अंडीं होतीं. चेरीनें कॅमेरा लावून त्याचें छायाचित्र घेतलें. कांच धुऊन तिच्यावरून कागदावर ठसा उठविला, तेव्हां घरट्यांतील गवताची काडी न् काडी व अंड्यांवरील ठिपका न् ठिपका त्यावर स्पष्ट उमटलेला रिचर्डनें पाहिला. अंडीं जागच्या जागीं राहिलीं होतीं, आणि तरीही तीं आपल्या हातांत आलीं होतीं! ह्या एका चित्रांत किती सामर्थ्य आहे हें त्या प्रकाशनसंस्थेच्या नोकराला तेथल्या तेथें उमगलें. तोंपर्यंत पक्ष्यांच्या पुस्तकांतील चित्रें चितारी काढीत, व पुष्कळदां तीं मेलेला पक्षी समोर ठेवून काढलेलीं असत.

त्यानंतर तीन वर्षें दोघांनीं इंग्लंड व स्कॉटलंड पालथें घातलें. १८९५ सालीं ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचें पुस्तक बाहेर पडलें. मजकूर रिचर्डचा, चित्रें चेरीचीं. निसर्गांत प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रांनीं आरंभापासून शेवटपर्यंत सजविलेलें ह्या प्रकारचें तें पहिलेंच पुस्तक समजलें जातें. आज जेथें तेथें पक्ष्यांचीं रंगीत छायाचित्रें पाहणाऱ्या मुलांना ह्या गोष्टीचें महत्त्व सहजासहजीं कळणार नाहीं. म्हणून त्या काळच्या साधनांविषयीं येथें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे.

त्या वेळचा रानांत न्यावयाचा चांगला कॅमेरा म्हणजे एक लांकडी पेटी, तिला चामड्याचा भाता, पुढें पितळी नळींत बसविलेलें भिंग, आणि खालीं तिपाई. चित्र फितीवर उठत नसे. तें उठे कांचेच्या तक्त्यावर. अर्धा तक्ता म्हणून ज्या आकाराची कांच वापरीत, ती सुमारें साडेसहा इंच लांब व पावणेपांच इंच रुंद असे. अशा डझनभर कांचा, त्यांच्या चौकटी, कॅमेरा व तिपाई हें सर्व ओझें पाठीवर घेऊन डोंगर चढावयाचे. छायाचित्रकारानें डोक्यावर काळें कापड ओढून पेटीच्या पाठीमागील घोट्या कांचेवर उलटें दिसणारें चित्र नीट जुळवावयाचें, मग घोटी कांच काढून तेथें मसाल्याची कांच घालावयाची, मग झांकण काढावयाचें, आणि एवढें होईपर्यंत पक्ष्यानें तेथेंच बसून राहावें अशी आशा करावयाची! घरटें पळून जात नाहीं, म्हणून भावांनीं आरंभ घरट्यांपासून केला. उडणारा, खाणारा, पिलांना भरविणारा जिवंत पक्षी पकडावयाचा तर कांहीं निराळीच युक्ति हवी होती.

उंच झाडावरील घरटें टिपण्यासाठीं कॅमेऱ्याच्या तिपाईस लांब वांसे बांधीत, व चेरी रिचर्डच्या खांद्यांवर उभा राहून भिंग जुळवी. ह्या प्रसंगाचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. खालीं उभा असलेला भाऊ लंगडा आहे, हें ठाऊक नसणाऱ्यास त्या चित्रांत केवळ गंमत दिसेल.

परंतु खरी अडचण उंचीची नव्हती, भयाची होती. मनुष्याची आकृति पाहिली कीं पक्षी उडून जातो. आणि शतकानुशतकें दगड, जाळीं व बंदुका ह्यांचा अनुभव घेतल्यावर त्यानें दुसरें काय करावें? म्हणून ह्या भावांनीं स्वतः मनुष्य दिसावयाचेंच नाहीं असें ठरविलें. त्यांनीं झाडाचें पोकळ खोड बनविलें. त्यावर सालीसारखा रंग देऊन वेली गुंडाळल्या, व आंत उभें राहून एका भोंकांतून भिंग बाहेर काढलें. डोंगरावर खोटा खडक केला, शेताच्या कडेस केरकचऱ्याचा खोटा ढीग केला. पण उघड्या कुरणांत, जेथें खोडही नाहीं व खडकही नाहीं, तेथें काय करावें? कुरणांत गुरें चरतात, व गुरांना पक्षी भीत नाहींत. तेव्हां १९०० सालाच्या सुमारास त्यांनीं एका खऱ्या बैलाचें कातडें हलक्या सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार करविला. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते जिवंतासारखे उभे करणारे कारागीर लंडनमध्यें होते. त्यांच्यापैकींच एकाचें हें काम. आंत माणूस वांकून उभा राही, व बैलाच्या छातींतील भोंकांतून कॅमेरा पाही. पुढें ह्याच रीतीनें एक मेंढीही झाली.

बैलाच्या पोटांत तासन् तास वांकून राहणें ही कांहीं सुखाची गोष्ट नव्हे. उन्हाळ्यांत आंत भट्टी पेटल्यासारखें होई. पाठ व मान आंखडून जात. एकदां तर आंतील माणसाला भोंवळ आल्यामुळें बैल कलंडला व चारी खूर आभाळाकडे करून पडला. उलट्या बैलांतून बाहेर पडणें ज्याचें त्याला साधेना. दुसऱ्या भावानें येऊन सोडविलें तेव्हां सुटका झाली. त्या पडलेल्या बैलाचें छायाचित्रही त्यांनीं पुढें खुशाल छापलें. स्वतःची फजिती अशी मोकळेपणानें जगापुढें मांडणारे ग्रंथकार फार थोडे.

घरट्यांचा हंगाम वसंत व ग्रीष्म ह्या ऋतूंपुरताच असतो. मग हिंवाळ्यांत पक्ष्याला गांठावें कोठें? ह्याचें उत्तर उत्तरेकडील रानांत वाढलेल्या कोणत्याही मुलास ठाऊक असतें. पानें झडून गेलेल्या कुंपणांत हॉथॉर्नचीं तांबडीं फळें लटकत असतात. डोंगराच्या उतारावर रोवनच्या झाडांना शेंदरी फळांचे घोस लागतात. आणि नाताळांत आपण ज्याच्या डहाळ्या चित्रांतून पाहतों, त्या हॉलीच्या कांटेरी पानांत लालबुंद मणी चमकत असतात. हीं फळें करवंदापेक्षांही लहान, आणि माणसाच्या जिभेस बेचव. पण जमीन गोठून किडे व गांडुळें दिसेनाशीं झालीं, म्हणजे पक्ष्यांचा जीव ह्या फळांवरच तगतो. नॉर्वे, स्वीडनकडून फील्डफेअर व रेडविंग ह्या कस्तुराच्या जातीच्या पक्ष्यांचे थवे समुद्र ओलांडून येतात व एकामागून एक कुंपण रिकामें करीत जातात. मिसल थ्रश नांवाचा मोठा कस्तुर तर एखादें हॉलीचें झाड आपलें म्हणून धरून बसतो, आणि दुसरा कोणी फळाला चोंच लावावयास आला कीं कर्कश ओरडून त्याला हांकलून देतो. अशा कृपण सावकाराला गांठावयाचें तर फार शोधावें लागत नाहीं; त्याच्या तिजोरीसमोर दडून बसलें म्हणजे झालें. पक्षी फळ बहुधा सबंधच गिळतो. गर पचतो, बी दूर कोठें तरी पडतें, आणि तेथें नवें झाड उगवतें. म्हणजे झाडानें फळ वाढलें तें अगदींच फुकट नव्हे.

पण हें दृश्य कॅमेऱ्यानें टिपावयाचें म्हटलें कीं दोन विघ्नें उभीं राहत. पहिलें प्रकाशाचें. हिंवाळ्यांत त्या देशीं दिवस सात-आठ तासांचा, आणि त्यांतही सूर्य बहुधा धुक्याआड. मसाल्याच्या कांचा मंद असल्यामुळें भिंग बराच वेळ उघडें ठेवावें लागे, आणि फळ तोडणारा पक्षी तर क्षणभरही मान स्थिर ठेवीत नाहीं. दुसरें विघ्न अधिक चमत्कारिक होतें. त्या काळच्या साध्या कांचेला तांबडा रंग दिसतच नसे! तिच्यावरील मसाला निळ्या व जांभळ्या प्रकाशानेंच विटे. म्हणून तर अंधाऱ्या खोलींत तांबडा दिवा लावून कांच धुतां येई. परिणाम असा होई कीं, निळें आकाश चित्रांत पांढरेंफटक उठे, आणि तांबडें फळ उठे काळेंठिक्कर. डोळ्यांना जें सर्वांत आधीं दिसतें, ज्याच्या रंगामुळेंच पक्षी झाडाकडे ओढला जातो, तेंच चित्रांत कोळशाच्या कणासारखें दिसावें, ह्याहून मोठी थट्टा कोणती! १८७३ सालीं हर्मान फोगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें असें शोधून काढलें कीं, मसाल्यांत विशिष्ट रंग मिसळले असतां कांचेला हिरवा व पिवळा प्रकाशही कळतो. अशा सुधारलेल्या कांचा पुढील दशकांत बाजारांत आल्या. तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या कांचा विकत मिळूं लागल्या त्या १९०६ च्या सुमारास. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनीं १९०७ सालीं खरोखरीचे रंग उमटविणाऱ्या कांचा विकावयास काढल्या. पण त्यांना भर उन्हांतही इतका वेळ लागे कीं, चोंचींत फळ धरलेला पक्षी त्यांवर उमटविणें अशक्यप्राय होतें.

म्हणजे कॅमेरा खरें बोलतो असें आपण म्हणतों, तें पुरतें खरें नव्हे. कांच आपल्या परीनें खोटें बोलतेच. मग छायाचित्रकारानें घरीं आल्यावर तें खोटें सुधारावें काय? आणि किती? हा प्रश्न त्या काळींही तीव्र होता, व आज यंत्राच्या पडद्यावर दोन बोटांनीं चित्र पालटतां येऊं लागल्यावर तर तो अधिकच तीव्र झाला आहे. त्या वेळचीं साधनें निराळीं होतीं एवढेंच. कांचेच्या मसाल्याच्या बाजूस टोंकदार पेन्सिलीनें रेघा ओढल्या कीं कागदावर तो भाग उजळ उठे. चाकूनें खरवडलें कीं काळा उठे. कागदावर चित्र उठवितांना हाताची सावली धरून एखादा भाग फिका ठेवतां येई. दोन कांचा एकत्र करून एकीचें आकाश व दुसरीचें झाड जोडतां येई. छापखान्यांतील ठसे करणारा कारागीरही पंखांच्या कडा ठळक करी. आणि सर्वांत निर्लज्ज मार्ग म्हणजे पेंढा भरलेला पक्षी फांदीवर टांचून त्याचें छायाचित्र घ्यावयाचें व खालीं रानांतील पक्षी म्हणून छापावयाचें. असे प्रकार त्या काळीं घडत.

कीअर्टन बंधूंची सारी पत ह्या एका गोष्टीवर उभी होती कीं, त्यांचीं चित्रें जेथल्या तेथें, जिवंत पक्ष्यांचीं घेतलेलीं आहेत. कोठें, कोणत्या परिस्थितींत, किती वेळ थांबून चित्र मिळालें, हें रिचर्ड पुस्तकांत तपशिलानें लिही. आणि आपलें खोटें खोड, खोटा बैल, खांद्यांवर उभा असलेला भाऊ, ह्यांचींही चित्रें छापी. माझ्या मतें त्याच्या प्रामाणिकपणाचा ह्याहून चांगला पुरावा नाहीं. पक्ष्याला फसविण्यासाठीं जेवढें सोंग करावयाचें तेवढें त्यानें केलें. वाचकांपासून मात्र तें सोंग लपवून ठेवलें नाहीं. कडेचा निरुपयोगी भाग कापून टाकणें, धुळीचा डाग बुजविणें, झांकोळलेला भाग थोडा उजळणें, ह्यांस कोणी दोष देणार नाहीं. पण जें फळ पक्ष्यानें खाल्लें नाहीं तें त्याच्या चोंचींत रंगविणें ही निराळी जात झाली. तें चित्र सुंदर असेल, परंतु त्यावरून कोणी विद्यार्थी पक्ष्याचें अन्न शिकूं पाहील तर तो चुकेल.

१८९६ सालीं दोघे भाऊ सेंट किल्डा ह्या बेटावर गेले. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत हें एकाकी बेट आहे. तेथील मूठभर लोक समुद्रपक्ष्यांवरच जगत. सरळ तुटलेल्या कड्यांवरून दोरानें खालीं उतरून ते फुल्मार व गॅनेट हे पक्षी आणि त्यांचीं अंडीं मिळवीत. त्यांच्याच दोरांनीं चेरीही कॅमेऱ्यासह कड्यावरून खालीं उतरला. ह्या प्रवासाची हकीकत व चित्रें १८९७ च्या पुस्तकांत आलीं. आज त्यांना वेगळेंच मोल आलें आहे. कारण १९३० सालीं उरलेल्या ३६ रहिवाशांना बेट सोडून मुख्य भूमीवर यावें लागलें, आणि तें जीवन कायमचें संपलें.

१८९८ सालीं रिचर्डनें कचेरीची नोकरी सोडली, व पुढील आयुष्य लेखन आणि व्याख्यानें ह्यांना वाहिलें. मॅजिक लँटर्नचीं चित्रें दाखवून तो गांवोगांव बोले. मिशन शाळांच्या त्या काळच्या विद्यार्थ्यांस मॅजिक लँटर्न सांगावयास नको होता.  कांचेच्या तुकड्यावरील चित्र दिव्याच्या प्रकाशानें मोठें होऊन पडद्यावर पडे, आणि मंद बोलणाऱ्या ह्या लंगड्या मनुष्याभोंवतीं शेंकडों माणसें अंधारांत बसून राहत. गिल्बर्ट व्हाइट ह्या अठराव्या शतकांतील धर्मोपदेशकानें सेल्बोर्न गांवच्या निसर्गावर लिहिलेल्या विख्यात ग्रंथाची टीपांसह व छायाचित्रांसह एक आवृत्तिही रिचर्डनें तयार केली. मुलांसाठीं त्यानें रॉबिन पक्ष्याच्या साहसांची गोष्ट लिहिली; ती १९०४ सालीं निघाली.

येथें एक अवघड गोष्ट सांगितलीच पाहिजे. घरटीं कोठें, केव्हां व कशीं सांपडतात हें रिचर्ड इतकें सोपें करून सांगे कीं, त्याचीं पुस्तकें अंडीं चोरणाऱ्यांच्याही उपयोगीं पडलीं असतील ह्यांत शंका नाहीं. शिवाय घरट्यासमोर मुक्काम ठोकणारा छायाचित्रकार कितीही सावध असला, तरी एखादी पक्षीण घाबरून घरटें सोडते, हें आज सर्व जाणकार मानतात. म्हणून चांगल्या संस्था आतां घरट्यांच्या छायाचित्रांस उत्तेजन देत नाहींत. उलट फळांच्या झाडाजवळ बसून घेतलेल्या चित्रांत हा धोका पुष्कळ कमी. मात्र कडाक्याच्या थंडींत भुकेल्या पक्ष्याला वारंवार उडवून लावणें हेंही क्रौर्यच. रिचर्डच्या काळीं हीं बंधनें कोणी घातलेलीं नव्हतीं. त्याच्या पारड्यांत एवढें टाकतां येईल कीं, अंडें न उचलतां पक्ष्याचा अभ्यास करतां येतो हें त्यानें लक्षावधि लोकांस डोळ्यांनीं दाखविलें. इंग्लंडांत पक्षिरक्षणाची संस्था १८८९ सालीं निघाली व १९०४ सालीं तिला राजाची सनद मिळाली; परंतु रानपक्ष्यांचीं अंडीं नेण्यास सर्वसाधारण बंदी करणारा कायदा होण्यास १९५४ साल उजाडावें लागलें. तो पाहावयास रिचर्ड उरला नव्हता.

धाकट्या भावाचे पाय धड होते, आणि ते त्याला फार दूर घेऊन गेले. १९०० सालींच त्यानें फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर रानांतील नाइटिंगेलचा व थ्रशचा आवाज धरला होता. मग तो चलच्चित्रांकडे वळला. १९०९ सालीं आफ्रिकेंत त्यानें अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांच्या प्रवासाचीं चलच्चित्रें घेतलीं. पहिल्या महायुद्धांत पूर्व आफ्रिकेंत तो सैनिक म्हणून लढला. दक्षिण आफ्रिकेजवळील डॅसन बेटावरील पेंग्विन पक्ष्यांविषयीं त्यानें लिहिलेलें पुस्तक १९३० सालीं आलें व घरोघरीं वाचलें गेलें. रिचर्ड मात्र मुख्यतः स्वदेशांतील कुंपणें, कुरणें व कडे ह्यांतच रमला. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या तरी एकाचें नांव निघालें कीं लोक दुसऱ्याचें काढीत, व पुष्कळदां एकाचें श्रेय दुसऱ्यास देत.

१९२६ सालीं रिचर्डनें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, आणि ८ फेब्रुवारी १९२८ रोजीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, तो मरण पावला. ज्या पायामुळें त्याला मेंढपाळ होतां आलें नाहीं, तो त्याला शेवटपर्यंत पुरला. चेरी आणखी बारा वर्षें जगला. २७ सप्टेंबर १९४० रोजीं, लंडनवर रात्रंदिवस बाँब पडत असतां, नभोवाणीच्या इमारतींतून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळांत दाराबाहेर त्याचा अंत झाला. लंडनची राजकीय भूगोल संस्था त्याच्या नांवानें एक पदक देते.

थ्वेट गांवीं त्यांच्या जुन्या घराच्या दाराखिडक्यांवरील दगडांत पक्ष्यांच्या व प्राण्यांच्या आकृति कोरलेल्या आहेत. आणि म्यूकर येथील ज्या शाळेंत तीं दोन मुलें घरटीं पाहत पाहत उशिरा पोंचत असतील, तिच्या भिंतीवर दोघांच्या नांवाच्या दोन पाट्या शेजारीं शेजारीं बसविलेल्या आहेत.